मोबाइलवरील संदेशांचा पुरावा

व्हॉट्सॲप, टेलिग्राम, एसएमएस अशा माध्यमांतील संभाषण न्यायालयात दस्तऐवज म्हणून दाखल करण्यासाठी ते जतन करणे, फोनमधून काढणे, प्रमाणित करणे व समोरच्या पक्षाला पाहायला देणे ही प्रक्रिया. भारतात 1 जुलै 2024 पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 नुसार चालते. ‘दस्तऐवज’ या संज्ञेखालील उदाहरणांत या अधिनियमाने स्मार्टफोनमधील नोंदी व संदेश नाव घेऊन घातले आहेत. संदेश हा पुरावा होतो का, हा प्रश्न त्यामुळे मिटला. तो शाबीत कसा करायचा, हा शिल्लक आहे.

अशील बहुधा स्क्रीनशॉटच्या रंगीत प्रती घेऊन वकिलाकडे येतो. स्क्रीनशॉट हे संदेशाचे केवळ छायाचित्र होय. त्यात सहसा क्रमांक नसतो, फोनधारकाने सेव्ह केलेले नाव असते, आणि नाव काहीही ठेवता येते. आधीचे-नंतरचे संदेश गळलेले असतात. हुबेहूब बनावट चॅट तयार करून देणारी ॲप्सही फुकट मिळतात. व्हॉट्सॲपमधील ‘एक्स्पोर्ट चॅट’ ही सोय त्यामानाने बरी, कारण सलग संभाषण तारीख-वेळेसह मिळते. पण हाती येते ती साधी मजकूर-फाइल, आणि ती कोणालाही उघडून बदलता येते. सर्वांत भक्कम मार्ग म्हणजे मूळ फोन जपणे आणि न्यायवैद्यक साधनांनी त्याची प्रत काढणे. अशा प्रतीत संदेशांचा मूळ डेटाबेस मिळतो, त्यात पडद्यावर न दिसणारे तपशील असतात, कधी पुसलेल्या संदेशांच्या खुणाही सापडतात. पोलीस तपासात ही कामे प्रयोगशाळेकडे जातात. दिवाणी दाव्यात एवढा खर्च क्वचितच केला जातो. तिथे फोन, एक्स्पोर्ट केलेली फाइल आणि छापील प्रती यांवरच भागवावे लागते.

व्हॉट्सॲप कंपनीकडून संदेश मागवून घेऊ, ही आशा व्यर्थ ठरते. व्हॉट्सॲपवर 2016 पासून टोकापासून टोकापर्यंत कूटबद्धता आहे, आणि एकदा पोहोचलेला संदेश कंपनी आपल्या सर्व्हरवर ठेवत नाही. दूरसंचार कंपनीकडून कॉलच्या नोंदी आणि सिम कोणाच्या नावावर आहे एवढे कळू शकते. मजकूर मात्र पाठवणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या फोनमधून, नाहीतर त्यांच्या बॅकअपमधूनच यावा लागतो. म्हणून वादाची चाहूल लागताच फोन रिसेट न करणे, संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय बंद करणे आणि जुना फोन एक्स्चेंजमध्ये न देणे ही पहिली पथ्ये. पुराव्यात येऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक नोंद मुद्दाम नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे.

इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करताना जोडायच्या प्रमाणपत्राचा इतिहास वळणावळणाचा आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 ने जुन्या पुरावा कायद्यात कलम 65-ब घातले. संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात (2005) सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्राविनाही अन्य मार्गाने नोंद सिद्ध करता येईल असे म्हटले. अन्वर विरुद्ध बशीर (2014) या निकालाने ते मत फिरवले. 2018 मध्ये पुन्हा सैल भूमिका आली. या ओढाताणीवर पडदा पडला तो महाराष्ट्रातील एका प्रकरणात. जालना विधानसभा मतदारसंघाच्या 2014 च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत भरला गेला का, हे निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणावरून ठरवायचे होते, आणि अधिकारी प्रमाणपत्र देत नव्हते. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल (2020) या निकालात न्यायालयाने सांगितले, की प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र अनिवार्य. मात्र मालकाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन मूळ उपकरणच हजर करून शाबीत केले तर त्याची गरज नाही. मोबाइल खिशात मावतो, त्यामुळे चॅटच्या बाबतीत हा अपवाद फार कामाचा ठरला.

65-ब ची जागा आता नव्या अधिनियमाच्या कलम 63 ने घेतली आहे. त्याला जोडलेल्या नमुन्याचे दोन भाग आहेत: ‘अ’ पक्षकाराने भरायचा, ‘ब’ तज्ज्ञाने. हा तज्ज्ञ नेमका कोण, हे ते कलम सांगत नाही, आणि तालुक्याच्या न्यायालयात अडचण इथेच येते. दोन्ही भागांत उपकरणाचा तपशील, आयएमईआयसारखी ओळख आणि हॅश मूल्य लिहायचे असते. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली अंकाक्षरांची ओळ. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी ती ओळ पार बदलते. नमुन्यात एमडी5, एसएचए1 व एसएचए256 अशी नावे छापलेली आहेत. पहिल्या दोन पद्धतींत एकच मूल्य देणाऱ्या दोन वेगळ्या फाइल बनवून दाखवल्या गेल्या आहेत, तेव्हा तिसरी निवडणे शहाणपणाचे. शिवाय हॅश फाइलची हमी देतो ती मूल्य काढल्या क्षणापासून. त्याआधी कोणी हात मारला असेल तर त्याबद्दल तो गप्प असतो.

प्रमाणपत्राने नोंद दाखल होते, पण संदेश कोणी लिहिला हे ठरत नाही. सिम वडिलांच्या नावावर, फोन मुलाच्या हाती, हे आपल्याकडे सर्रास असते. मग संभाषणातील कौटुंबिक उल्लेख, त्याच वेळचे बँक व्यवहार, उत्तरादाखल आलेले फोटो यांवरून लेखक जुळवावा लागतो. अंबालाल साराभाई प्रकरणात (2020) सर्वोच्च न्यायालयाने व्हॉट्सॲप संदेशांचा अर्थ व मजकूर सरतपास आणि उलटतपासणीतूनच सिद्ध व्हायला हवा असे नमूद केले. संदेश पोहोचल्याच्या खुणांना मात्र न्यायालये वजन देतात. 2018 मध्ये क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी व्हॉट्सॲपवरून पाठवलेली पीडीएफ नोटीस पोहोचली व उघडली गेली, हे टिकमार्कवरून मान्य केले होते.

वेळेचाही घोळ होतो. पडद्यावर दिसणारी वेळ फोनच्या सेटिंगप्रमाणे बदलते. दुबईतल्या भावाच्या फोनवर तीच चॅट दीड तास मागे दिसते, आणि उलटतपासणीत यावर हमखास बोट ठेवले जाते. पाठवल्यावर दुरुस्त केलेल्या संदेशावर तशी खूण राहते, पण चॅटमध्ये मूळ मजकूर दिसत नाही.

दिवाणी दाव्यात दस्तऐवज प्रकटीकरणाची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 11 मध्ये आहे. 3 लाख रुपये व त्यावरील वाणिज्यिक वादांसाठी ती अधिक कडक आहे: आपल्या ताब्यातील संबंधित सर्व कागद, स्वतःच्या विरोधात जाणारेसुद्धा, सुरुवातीलाच यादीसह द्यावे लागतात, आणि इलेक्ट्रॉनिक नोंदींबाबत त्या कशा, कुठून व केव्हा काढल्या हे शपथेवर सांगावे लागते. सोयीचे चार संदेश निवडून देण्याची सवय इथे अंगाशी येते. फौजदारी प्रकरणात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 नुसार फोन हजर करण्याचा आदेश निघू शकतो, आणि झडती-जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक आहे. जप्त फोन फ्लाइट मोडवर टाकून सील करतात, पंचनाम्यात आयएमईआय लिहितात. सील केव्हा, कोणी तोडले याची नोंद तुटली की बचाव पक्षाला आयती फट मिळते.

महाराष्ट्रात आणखी एक काम वाढते. बरेच मराठी संदेश रोमन लिपीत टंकलेले असतात, त्यात ‘दर’ आणि ‘दार’ सारखेच दिसू शकतात. खालच्या न्यायालयात मराठी चालते, उच्च न्यायालयात इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. म्हणून मूळ संदेश, देवनागरी लिप्यंतर आणि भाषांतर असे तीन स्तंभ करून, व्हॉइस नोटचा उतारा त्यातच वेळेनुसार बसवून तक्ता दिला जातो, आणि मूळ फाइल पेन ड्राइव्हवर हॅशसह त्याच निशाणीला जोडतात.