कारखाना पाहावा बांधून

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. आमचं घर बांधलं तेव्हा बाबांनी एक दोनशे पानी वही केली होती. पहिल्या पानावर ठेकेदाराने सांगितलेला आकडा आणि शेवटच्या पानावर खरा. मधल्या पानांवर वाढलेलं सिमेंट, पुन्हा खणावा लागलेला पाया, आईच्या आग्रहाखातर ओट्याला लावलेला कडाप्पा असा सगळा इतिहास. त्या दोन आकड्यांमधलं अंतर किती, हे घरात कोणी मोठ्याने बोलत नसे.

पुढे इंजिनिअर झालो, पीएच.डी.साठी न्यूझीलंडला आलो आणि तीच वही वेगळ्या रूपात समोर आली. प्रयोगशाळेत एखादी प्रक्रिया टेबलावर नीट चालायला लागली की कोणीतरी विचारतंच, "याचा कारखाना काढायचा तर किती लागतील?" आणि गंमत म्हणजे कारखान्याचा नकाशाही तयार नसताना याचं उत्तर द्यावं लागतं.

ते कसं देतात ते आधी थोडक्यात सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यावरच आहे.

सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे 'सहा-दशांशाचा नियम'. १९४७ मध्ये रॉजर विल्यम्स नावाच्या गृहस्थांनी तो मांडला. कारखान्याची क्षमता दुप्पट केली तर खर्च दुप्पट होत नाही, साधारण दीडपट होतो (२ चा ०.६ घात, म्हणजे १.५२). आपल्या साखर कारखान्याचं उदाहरण घ्या. रोज १२५० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याची किंमत माहीत असेल तर २५०० टनांच्या कारखान्याला ढोबळ मानाने तिच्या दीडपट लागतील. टाकीत दुप्पट रस मावायला दुप्पट पत्रा लागत नाही, इतकं साधं कारण.

दुसरी युक्ती हान्स लँग यांची, तीही त्याच काळातली. मुख्य यंत्रांची किंमत काढा आणि तिला एका आकड्याने गुणा. द्रवपदार्थ आणि वायू हाताळणाऱ्या कारखान्यांसाठी तो आकडा ४.७४. म्हणजे शंभर रुपयांची यंत्रं आणली की पाइप, पाया, वायरिंग, इमारती, मजुरी, इंजिनिअरांचे पगार धरून पावणेपाचशेच्या आसपास. बाबांच्या वहीतली मधली पानं लँगसाहेबांनी एका आकड्यात बसवली होती म्हणायची!

आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे अंदाजालाही वर्ग असतात. अमेरिकेतल्या खर्च-अभियंत्यांच्या संस्थेने पाच वर्ग ठरवले आहेत. पाचवा वर्ग सर्वात कच्चा. त्यात 'शंभर' असा आकडा दिला तर खरा खर्च पन्नास निघू शकतो आणि दोनशेही. पहिला वर्ग सगळे नकाशे आणि कोटेशनं हातात आल्यावरचा, त्यात फरक साधारण दहा-पंधरा टक्क्यांच्या आत राहतो. वर्तमानपत्रात मात्र दोन्ही आकडे सारख्याच जाड टायपात छापून येतात.

आता गोष्ट.

न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर तारानाकी नावाचा प्रांत आहे. मधोमध त्याच नावाचा, शंकूसारखा, बर्फाची टोपी घातलेला पर्वत. न्यू प्लिमथ गावातून हमरस्त्याने उत्तरेकडे निघालं की वायटारा लागतं आणि थोडं पुढे समुद्राच्या अंगाला, हिरव्या कुरणांत चरणाऱ्या गाईंच्या मागे, रसायन कारखान्याचे उंच मनोरे एकदम उभे राहतात. हे मोटुनुई. नैसर्गिक वायूपासून मेथॅनॉलच्या वाटेने पेट्रोल बनवणारा, व्यापारी आकाराचा असा जगातला पहिला कारखाना इथे उभा राहिला.

मुळात १९६९ मध्ये इथल्या समुद्रात माउई नावाचं मोठं वायूक्षेत्र सापडलं. १९७३ मध्ये सरकारने त्या वायूचा करार केला. करार खानावळीच्या महिन्याच्या पाससारखा होता, जेवलात तरी पैसे आणि नाही जेवलात तरी पैसे. या वायूवर वीज बनवायची असा बेत होता. पण विजेची मागणी जितकी वाढेल असं धरलं होतं तितकी काही वाढली नाही. वायू किनाऱ्यावर यायची वेळ झाली, पैसे तर द्यायचेच होते, आणि जेवायला माणसं कमी!

त्यातच १९७९ मध्ये तेलाचा दुसरा भडका उडाला. सरकारने मोटार-बंदीचे दिवस जाहीर केले. प्रत्येकाने आठवड्यातला एक वार निवडायचा, त्याचं स्टिकर काचेवर लावायचं आणि त्या दिवशी गाडी बाहेर काढायची नाही. जुलै १९७९ ते मे १९८० असं चाललं. तेव्हा पंतप्रधान होते रॉबर्ट मल्डून. त्यांच्या सरकारने मोठमोठ्या ऊर्जा प्रकल्पांचा जो सपाटा लावला तो 'थिंक बिग' म्हणून ओळखला जातो. कापुनीचा युरियाचा कारखाना, मार्सडन पॉइंटच्या तेलशुद्धीकरण कारखान्याचा विस्तार, ग्लेनब्रुकच्या पोलाद कारखान्याचा विस्तार, क्लाइड धरण आणि मोटुनुई.

मोटुनुईची प्रक्रिया मोबिल कंपनीची. वायूपासून आधी मेथॅनॉल करायचं आणि मग ते झिओलाइट नावाच्या खनिजासारख्या उत्प्रेरकावरून नेऊन त्याचं पेट्रोल करायचं. यात वायूतली जवळपास निम्मी ऊर्जा वाटेतच खर्ची पडते, पण हाती सरळ गाडीत ओतता येईल असं पेट्रोल येतं. अडचण अशी की ज्या प्रकारची भट्टी इथे वापरायची होती ती तोवर दिवसाला ४ पिंपं एवढ्याच आकारात चालवून पाहिलेली होती. आणि मोटुनुईत करायची होती दिवसाला १४,५०० पिंपं. म्हणजे साडेतीन हजार पटींची उडी! घरात पाच माणसांचा भात करणाऱ्या सुगरणीला एकदम सतरा-अठरा हजारांच्या पंगतीचा अंदाज विचारावा तसं.

त्याच सुमारास, १९८१ मध्ये, अमेरिकेतल्या रँड संस्थेने एक अहवाल काढला होता. उत्तर अमेरिकेतले ४४ रसायन आणि इंधन कारखाने तपासून त्यांनी दाखवलं की नव्या तंत्राच्या कारखान्यांचे सुरुवातीचे अंदाज खऱ्या खर्चाच्या फार खाली असतात. महागाई किंवा पाऊस ही त्याची मुख्य कारणं नव्हेतच. तंत्र किती नवं आहे आणि प्रकल्प कागदावर किती पक्का झालेला आहे, या दोन गोष्टींवर बहुतेक फरक ठरतो. या हिशोबाने मोटुनुई साफ बुडायला हवा होता.

पण तसं झालं नाही. एक अब्ज अमेरिकी डॉलरहून अधिक खर्चाचा हा कारखाना मंजूर अंदाजाच्या आत बांधून झाला. ऑक्टोबर १९८५ मध्ये पहिलं पेट्रोल निघालं आणि देशाच्या पेट्रोलच्या गरजेचा सुमारे एक तृतीयांश भाग इथून भागू लागला. एक इंजिनिअर म्हणून मला याचं अजूनही कौतुक वाटतं. हे जमलं कसं? एक तर, नवं होतं ते फक्त शेवटचं पाऊल. वायूपासून मेथॅनॉल करण्याची पद्धत जुनी, घासूनपुसून घेतलेली होती, तिच्या दोन रांगा शेजारी शेजारी बसवल्या. नवी भट्टीही एकच अवाढव्य न करता पाच सारख्या भट्ट्या केल्या. चार चालू आणि एकीतला उत्प्रेरक ताजा होतोय, अशी पाळी. आणि कारखान्याचे मोठाले भाग जपानमध्ये जोडून जहाजाने न्यू प्लिमथ बंदरात उतरवले. तारानाकीत हजारो वेल्डर आणायचे कुठून, हा प्रश्न त्यामुळे बराच हलका झाला.

उलट मार्सडन पॉइंटला तंत्रात नवं असं फारसं काही नव्हतं. तिथे १९६४ पासून कारखाना चालू होता, त्याचाच विस्तार करायचा होता. पण बांधकामावरच्या कामगारांचे तंटे इतके विकोपाला गेले की १९८४ मध्ये त्यापायी संसदेला खास कायदा करावा लागला, आणि खर्च मूळ अंदाजाच्या पुष्कळ पुढे गेला.

म्हणजे अवघड वाटणारं काम अंदाजात बसलं, सोपं वाटणारं फसलं. इथे गोष्ट संपली असती तर मी मोटुनुईचे गोडवे गाऊन थांबलो असतो. पण पुढे काय झालं बघा.

सगळा हिशोब 'तेल वर्षागणिक महागच होत जाणार' या एका वाक्यावर उभा होता. मंजुरीच्या काळात तेलाचं पिंप ३५ डॉलरच्या आसपास होतं. कारखाना सुरू होऊन वर्ष व्हायच्या आत, १९८६ च्या मध्याला, ते दहा-बारा डॉलरवर आलं. मोटुनुईचं पेट्रोल बाहेरून आणलेल्या पेट्रोलपेक्षा महाग पडू लागलं. कंपनीत सरकारचा वाटा ७५ टक्के, मोबिलचा २५. पण वायू सरकारचा, पेट्रोलही सरकारने घ्यायचं, आणि वायूचं पेट्रोल करून देण्याबद्दल कारखान्याला ठरलेली रक्कम मोजायची. गिरणीवाल्याला दळणाचे पैसे मिळणारच, गव्हाचे भाव पडले तर नुकसान गहूवाल्याचं! अशा रीतीने भावाचा धोका जवळजवळ सगळा सरकारच्या, म्हणजे करदात्यांच्या पदरात पडला. पुढे कारखाना खाजगी हातांत गेला आणि १९९९ मध्ये पेट्रोल बनवणं थांबलं. मेथॅनॉलचा भाग तेवढा त्यानंतरही उपयोगी पडला.

आणखी एक गोष्ट अंदाजात नव्हती. वायटाराच्या किनाऱ्यावरचे खडक हे ते आतिआवा या माओरी जमातीचे पिढ्यान्‌पिढ्यांचे शिंपले-कालवं गोळा करण्याचे ठिकाण. १८६० मध्ये याच वायटाराच्या जमिनीवरून इंग्रज सरकारशी युद्ध पेटलं होतं आणि त्यानंतर जमिनी जप्त झाल्या होत्या. राहिला होता तो समुद्र. तोही गावच्या सांडपाण्याने आधीच बिघडलेला, आणि आता नव्या कारखान्याचं सांडपाणी मोटुनुईच्या किनाऱ्यावरून समुद्रात सोडायचं ठरलेलं. आयला टेलर यांनी जमातीच्या वतीने वायटांगी न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. १८४० च्या तहात माओरींना दिलेली वचनं पाळली जातात की नाही हे तपासायला १९७५ मध्ये नेमलेलं हे न्यायाधिकरण तोवर फारसं कोणाच्या खिजगणतीत नव्हतं. मार्च १९८३ मध्ये त्याने जमातीच्या बाजूने अहवाल दिला. सरकारने आधी नकार दिला, मग लोकमत पाहून माघार घेतली. मोटुनुईचा नवा सांडपाण्याचा मार्ग रद्द झाला आणि वायटाराच्या जुन्याच मार्गाने पाणी सोडण्यासाठी त्याच वर्षी वेगळा कायदा झाला. आज न्यूझीलंडमध्ये तहाचा आणि माओरी हक्कांचा जो गंभीर विचार होतो, त्याच्या सुरुवातीच्या पावलांत हा अहवाल मोजला जातो.

अंदाजपत्रकात तो मार्ग म्हणजे समुद्रात टाकायचा एक पाइप, इतके मीटर, इतके डॉलर. खडकांवरच्या शिंपल्यांची किंमत त्यात शून्य धरली होती. कोणी दुष्टपणे धरली असं मला वाटत नाही. लँगच्या ४.७४ मध्ये पाइप येतो, पाया येतो, मजुरी येते. शिंपले गोळा करणारी आजी त्यात येत नाही.

हे वाचताना मला सारखी आठवण येत होती ती गुहागरची. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प तुम्हाला काही नव्याने सांगायला नको. तिथेही यंत्रं नामांकित होती, पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरूही झाला. पण विजेच्या करारात तोच खानावळीचा पास होता, वीज घ्या वा न घ्या, ठरलेली रक्कम द्या. २००१ मध्ये वीज मंडळाने हात वर केले आणि कारखाना बंद पडला. आणि वेलदूरच्या मच्छीमारांनी तर सुरुवातीपासून समुद्रात सोडल्या जाणाऱ्या पाण्याबद्दलच विचारलं होतं. तारानाकी आणि गुहागर यांच्यात दहा-बारा हजार किलोमीटरचं अंतर, पण हिशोबाच्या वहीतली कोरी पानं तीच.

म्हणून आता कुठे "अमुक लाख कोटींचा प्रकल्प" वाचलं की मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. हा अंदाज कुठल्या वर्गाचा? (नाणारच्या 'तीन लाख कोटी'सारखा गोल गरगरीत आकडा असेल तर पाचवा वर्ग समजावा.) भाव काय धरलाय, आणि तो चुकला तर भुर्दंड कोणावर? आणि कोणाची किंमत शून्य धरली आहे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर आमच्यासारखे इंजिनिअर देऊ शकतात. उरलेल्या दोघांचं उत्तर आमच्या तक्त्यात नसतं, ते गावाने आणि करदात्याने आधीच मागून घ्यायचं असतं.

बाबांना मागे फोनवर हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आपल्या घराचं एक बरं होतं. चुकलो ते आपल्याच पैशाने चुकलो."

असो.