अनारशावरची खसखस आणि वडिलांची गोळी

परवा चुलतबहिणीला अनारसे करताना सांगितलं की ही खसखस अफूच्या बोंडातली, तर ती दचकलीच. बी निरुपद्रवी असतं हो. खरा ऐवज हिरव्या बोंडाला चिरा दिल्यावर पाझरणाऱ्या चिकात.

१८०५च्या आसपास जर्मनीत सेर्ट्युर्नर नावाच्या औषधविक्याच्या तरुण सहायकाने या चिकातून मॉर्फिन वेगळं केलं आणि पुढे स्वतःवर नि मित्रांवर तपासलं! १८३२ मध्ये फ्रान्सच्या रोबिकेला कोडीन सापडलं. मग लंडनमध्ये राइटने १८७४ मध्ये मॉर्फिनच्या रेणूला दोन ॲसिटिल गट जोडले. त्याचं पुढे काही झालं नाही. १८९८ मध्ये मात्र बायर कंपनीने तेच रसायन 'हेरॉइन' नावाने खोकल्याचं औषध म्हणून बाजारात आणलं. ते दोन गट मेंदूत झटकन शिरायला मदत करतात, आत गेल्यावर गळून पडतात, आणि उरतं पुन्हा मॉर्फिनच.

मला सगळ्यात नवल वाटतं ते थेबेनचं. याच चिकातलं हे अल्कलॉइड वेदना शमवत नाही, उलट जास्त झालं तर झटके आणतं. पण त्यापासून १९१६ मध्ये जर्मनीत ऑक्सिकोडोन बनलं. १९९६ पासून अमेरिकेत त्याच्या 'ऑक्सिकॉन्टिन' गोळ्या विकल्या गेल्या, व्यसनाचा धोका कमी असल्याचं सांगून. २००७ मध्ये कंपनीने दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला, तोवर घरंच्या घरं उद्ध्वस्त झाली होती. आणि गंमत बघा, अफूच्या अतिसेवनाने श्वास मंदावलेल्या माणसाला परत आणणारं नॅलोक्सोनही थेबेनपासूनच बनतं.

आपल्याकडे मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. एकेकाळी हीच माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची, त्यावर इथले कित्येक व्यापारी गब्बर झाले.

आणि तरीही, वडिलांच्या कॅन्सरच्या शेवटच्या महिन्यात आमच्या तालुक्यात मॉर्फिनची साधी गोळी मिळाली नाही. १९८५च्या एनडीपीएस कायद्याच्या धाकाने दुकानदार ठेवतच नव्हते. २०१४ मध्ये कायदा सुधारून परवान्यांची कटकट कमी केली, पण तेव्हा दादा नव्हते. तुमच्या गावात आज ही गोळी मिळते का? खाली लिहा, मला यादी करायची आहे.