तीन रकान्यांतले 'गुड मॉरो' : लंडनमधील निर्वासित आणि १५८६ चे एक छोटे पुस्तक

१/
रेल्वे फलाटावरच्या पुस्तकांच्या दुकानात किंवा एसटी स्थानकात 'इंग्रजी बोलायला शिका' अशा धर्तीची पातळ पुस्तके आपण सर्वांनी पाहिलेली आहेत. पानावर तीन रकाने असतात: मराठी वाक्य, इंग्रजी वाक्य आणि देवनागरीत लिहिलेला उच्चार. पहिला धडाही ठरलेला असतो. भेटल्यावर काय म्हणावे, ओळख कशी द्यावी, निरोप कसा घ्यावा. या तीन रकान्यांची जातकुळी चारशे वर्षांहून जुनी आहे. आजचा धागा अशाच एका पुस्तकाविषयी आणि ज्यांच्यासाठी ते छापले गेले त्या माणसांविषयी.

२/
प्रथम पार्श्वभूमी. ऑगस्ट १५७२, पॅरिस. नव्हारचा राजा हेन्री आणि फ्रान्सच्या राजाची बहीण मार्गारेट यांच्या विवाहासाठी प्रॉटेस्टंट पंथाचे, म्हणजे ह्यूगनॉट पंथाचे, अनेक प्रमुख सरदार राजधानीत जमले होते. २४ ऑगस्टच्या पहाटे, संत बार्थोलोम्यूच्या दिवशी, त्यांची कत्तल सुरू झाली. सेनानी कोलिन्यी याला त्याच्या निवासस्थानीच ठार करण्यात आले. पॅरिसमधून हे लोण इतर शहरांत पसरले आणि सहस्रावधी माणसे मारली गेली.

३/
जे वाचले त्यांतील पुष्कळांनी इंग्लिश खाडी ओलांडली. त्यांच्या आधी नेदरलँड्समधूनही लोक येतच होते. १५६७ पासून तेथे स्पेनच्या ड्यूक ऑफ अल्वाची कठोर राजवट होती. लंडनमध्ये या आगंतुकांना थोडा आधार होता. सहाव्या एडवर्ड राजाने १५५० मध्येच परकीय प्रॉटेस्टंटांना स्वतंत्र उपासनेची सनद दिली होती. डचांचे चर्च ऑस्टिन फ्रायर्स येथे होते, तर फ्रेंचांचे थ्रेडनीडल स्ट्रीटवर. रविवारी तेथे मातृभाषा कानी पडे. सोमवारी मात्र बाजारात इंग्रजीच बोलावी लागे.

४/
आणि ती न येणे धोक्याचे होते. १३८१ च्या शेतकरी उठावात लंडनमधल्या फ्लेमिश लोकांना जमावाने शोधून मारले. 'ब्रेड अँड चीज' हे शब्द इंग्रजी वळणाने म्हणता येतात की नाही यावरून परका कोण ते ठरवले गेले, असे एका जुन्या लंडन बखरीत नमूद आहे. १५१७ च्या मे महिन्याच्या प्रारंभी शिकाऊ कारागिरांच्या जमावाने परकीयांची घरे आणि दुकाने फोडली. तो दिवस 'इव्हिल मे डे' म्हणून स्मरणात राहिला. 'हे आमचा धंदा पळवतात' ही तक्रार एलिझाबेथ राणीच्या काळातही विरलेली नव्हती.

५/
अशा नगरात नुकत्याच उतरलेल्या विणकराची कल्पना करा. कसब त्याच्या हातात आहे. परंतु शेजाऱ्याच्या दारावरून मुकाट्याने जाणारा परका आणि दोन शब्द बोलून जाणारा परका यांत अंतर पडते. पहिला संशयास पात्र ठरतो, दुसऱ्याचा निदान चेहरा तरी ओळखीचा होतो. अभिवादन ही अशा वेळी केवळ सभ्यता राहत नाही. मी तुमच्यातला नसलो तरी तुमच्या रीतीने वागू इच्छितो, एवढे ते सांगून टाकते.

६/
ही गरज ज्यांनी ओळखली त्यांपैकी एक झाक बेलो. तो स्वतःस नॉर्मंडीतील काँ नगरचा सभ्य गृहस्थ म्हणवी. लंडनमध्ये तो भाषा शिकवीत असे. १५८० मध्ये त्याने फ्रेंच भाषकांसाठी 'द इंग्लिश स्कूलमास्टर' हे इंग्रजीचे पुस्तक प्रसिद्ध केले. सहा वर्षांनी, १५८६ मध्ये, 'फॅमिलियर डायलॉग्ज' म्हणजे 'परिचयाचे संवाद' हे छोटेखानी पुस्तक आले. त्यात व्याकरणाचे नियम नव्हते. होती ती रोजच्या तोंडची वाक्ये.

७/
पानाची रचना पाहा: एका रकान्यात इंग्रजी, दुसऱ्यात फ्रेंच आणि तिसऱ्यात फ्रेंच वाचकाला कळेल अशा अक्षरांत इंग्रजीचा उच्चार. ही तिसरी सोय का करावी लागली? इंग्रजीचे लेखन छापखान्यांमुळे हळूहळू स्थिर होत होते, पण त्याच शतकांत तिचे दीर्घ स्वर बदलत होते. लिहिलेले आणि बोललेले यांची फारकत वाढत चालली होती. निर्वासित भाषा शिकत ती रस्त्यावर, कानाने. त्यांना शब्द ऐकून ठाऊक असे, पण कागदावर तोच शब्द ओळखता येत नसे. बेलोचा तिसरा रकाना कान आणि डोळा यांच्यामध्ये सेतू बांधतो.

८/
संवादांचा क्रमही व्यवहारी आहे. सकाळचे उठणे, मुलांना शाळेत धाडणे, मग बाजार: खाटीक, मासळीवाला, कोंबडीवाला, कापडवाला. अखेरीस पाहुण्यांसह भोजन. म्हणजे एका सामान्य कुटुंबाचा एक दिवस. भाषा शिकवताना विद्यार्थ्याच्या दिवसापासून आरंभ करावा, हे तत्त्व आधुनिक वाटते खरे. परंतु ज्याला संध्याकाळपर्यंत भाकरी मिळवायची आहे त्याला शिकवणाऱ्या गुरूस ते आपोआपच सुचत असावे.

९/
आता त्या काळचे अभिवादन. आजचे 'गुड मॉर्निंग' तेव्हा 'गुड मॉरो' होते. 'मॉरो' म्हणजे सकाळ. पूर्ण रूप असे की देव तुम्हांस शुभ प्रभात देवो. मध्यान्ह टळली की 'गुड ईव्हन' म्हणावयाचे. जिभेवर घासून त्याचे 'गुड डेन' झाले होते. इंग्रजांचीही येथे गफलत होई. शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट' मध्ये दाई 'गुड मॉरो' म्हणते आणि मर्क्युशिओ तिला दुपारचे 'गुड डेन' ऐकवून दुरुस्त करतो. एका शब्दावरून नाटककार हशा मिळवू शकत होता, तर परक्या माणसास तो शब्द किती जपून उच्चारावा लागत असेल!

१०/
ओळख करून देताना दर्जाचे भान सुटता कामा नये. प्रतिष्ठित गृहस्थ 'मास्टर', त्याची पत्नी 'मिस्ट्रेस'. त्याखालच्या थरातील 'गुडमन' आणि 'गुडवाइफ'. आजचे 'मिस्टर' त्या 'मास्टर' चेच झिजलेले रूप. शिवाय तेव्हा इंग्रजीत एकवचनी 'दाऊ' आणि आदरार्थी 'यू' असा भेद जिवंत होता. जवळच्यास, कनिष्ठास आणि कधी अपमान करायचा असल्यास 'दाऊ'. आपल्या 'तू' आणि 'आपण' यांसारखेच. फ्रेंचांनाही त्यांच्या भाषेतील अशाच भेदामुळे हे चटकन उमगत असावे. पुढे 'दाऊ' बोलीभाषा, प्रार्थना आणि काव्य यांत उरले आणि इंग्रजीने सर्वांना 'यू' करून टाकले.

११/
शब्दांबरोबर देहाची भाषाही शिकावी लागे. टोपी कोणापुढे काढावी, किती वाकावे, हे चुकणे म्हणजे उद्धटपणा. पाहुण्याचे चुंबनाने स्वागत करण्याची इंग्रजांची चाल तर परदेशीयांना चकित करी. विद्वान इरॅस्मसने १४९९ मध्ये आपला मित्र फाउस्तो आंद्रेलिनी यास लिहिलेल्या पत्रात तिचे मिश्किल वर्णन केले आहे: येताना चुंबन, जातानाही चुंबन. इंग्रज म्हणजे अबोल आणि अंतर राखणारा, ही आपल्या परिचयाची प्रतिमा बरीच नंतरची.

१२/
निरोपाचे शब्द सर्वांत रोचक. 'फेअरवेल' म्हणजे तुमचा प्रवास सुखाचा होवो. 'अ‍ॅड्यू' मूळ फ्रेंच, अर्थ 'देवाच्या हवाली'. हा शब्द इंग्रजीत कधीचाच रुळला होता. आणि तिसरा म्हणजे 'गॉड बी विथ यी', देव तुमच्यासोबत असो. घाईच्या बोलण्यात हे वाक्य आक्रसत गेले. १५७० च्या दशकात, गेब्रिएल हार्वी या विद्वानाच्या पत्रात, ते एकाच जोडशब्दाच्या रूपात दिसते. पुढे 'गुड डे', 'गुड नाइट' यांच्या संगतीने त्यातील 'गॉड' चे 'गुड' झाले. तेच आजचे 'गुडबाय'. आपण ते म्हणतो तेव्हा अजाणता एक प्रार्थनाच उच्चारतो. आपल्याकडेही निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणण्याची रीत आहे. विरहाच्या क्षणी शुभ तेच बोलावे, ही ओढ दोन्हींकडे सारखी.

१३/
पण बेलोचे पुस्तक केवळ शिष्टाचाराचे नाही. भोजनाच्या संवादात गप्पांच्या ओघात फ्रान्सची खबर विचारली जाते. उत्तर येते की तेथे रोगराई आणि टंचाई आहे. खाडी ओलांडून आलेल्यांची संख्या मोठी आहे का? फार मोठी; आणि त्यांतील अनेक जण अत्यंत हलाखीत दिवस काढीत आहेत. सरावाच्या वाक्यांच्या रांगेत ही वाक्ये येऊन बसतात. ती शिकणाऱ्याला पाठ करावी लागणारच होती. कारण 'आपण कसे आहात?' यानंतर 'तुम्ही कुठून आलात?' आणि 'तिकडे काय चालले आहे?' हे प्रश्न अटळ होते. आपले दुःख परक्या भाषेत, आणि तेही सभ्यपणे, कसे सांगावे याचाच तो पाठ होता.

१४/
पुस्तक छापणारा टॉमस वोत्रोलिए हाही मूळचा फ्रेंच ह्यूगनॉट. ब्लॅकफ्रायर्स भागात त्याचा छापखाना होता. नॉर्थने इंग्रजीत आणलेली प्लूटार्कची चरित्रे १५७९ मध्ये तेथेच छापली गेली. वोत्रोलिएच्या निधनानंतर त्याचा शिकाऊ उमेदवार रिचर्ड फील्ड याने त्याच्या विधवेशी विवाह करून छापखाना चालवला. फील्ड स्ट्रॅटफर्डचा होता, शेक्सपिअरच्या गावचा. शेक्सपिअरचे पहिले छापील काव्य, 'व्हीनस अँड अडोनिस', १५९३ मध्ये त्यानेच छापले. एका निर्वासिताने उभारलेल्या छापखान्याचा हा वारसा.

१५/
त्याच १५९३ च्या मे महिन्यात डच चर्चच्या आवाराच्या भिंतीवर एक पद्यमय धमकी चिकटवलेली आढळली. परकीयांनी चालते व्हावे, अन्यथा त्यांच्या प्रार्थनास्थळातच रक्त सांडेल, असा तिचा आशय होता. खाली सही 'टॅम्बर्लेन' अशी, म्हणजे मार्लोच्या गाजलेल्या नाटकातील क्रूर विजेत्याच्या नावाने. तपासात नाटककार टॉमस किड याला अटक झाली. 'गुड मॉरो' अचूक उच्चारता आले म्हणून माणूस सुरक्षित होतोच असे नाही, हे त्या निर्वासितांनी शिकलेले कटू व्याकरण.

१६/
आता या चित्राची उलटी बाजू पाहू, कारण ती थेट आपल्या भाषेपर्यंत येते. फ्रान्समधून प्रॉटेस्टंट इंग्लंडकडे पळत असताना इंग्लंडमधून कॅथलिक बाहेर पडत होते. विल्टशरचा टॉमस स्टीफन्स रोम येथे जेझुइट झाला आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यास उतरला. १५८५ च्या कायद्याने तर जेझुइट पाद्र्याचे इंग्लंडमधील वास्तव्यच राजद्रोह ठरले. साष्टीत राहून फादर स्टीफन्सनी मराठी आणि कोंकणी आत्मसात केली. त्यांचे मराठी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. कोंकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, राचोल येथे छापले गेले. एकाच दशकात एक फ्रेंच गृहस्थ लंडनमध्ये इंग्रजी शिकवीत होता आणि एक इंग्रज आपल्या किनाऱ्यावर 'आपण' आणि 'तू' यांतला भेद शिकत होता. दोघांनाही आपापल्या पंथामुळे मायदेश परका झाला होता.

१७/
जाता जाता एक शब्द. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने ह्यूगनॉटांचे उरलेसुरले धर्मस्वातंत्र्यही रद्द केले आणि फ्रेंचांची आणखी मोठी लाट इंग्लंडला आली. तिच्याबरोबर इंग्रजीत आलेला शब्द म्हणजे 'रेफ्युजी'. तोवर इंग्रज अशा लोकांना 'स्ट्रेंजर्स' म्हणत. जे शतकभर यजमानांचे शब्द पाठ करीत आले, त्यांनी यजमानांच्या भाषेला स्वतःचे नाव दिले.

१८/
म्हणून फलाटावरचे ते तीन रकान्यांचे पुस्तक पुन्हा दिसले तर त्याला हसू नका. उच्चार अडखळणाऱ्या माणसालाही हसू नका. पहिल्या धड्यातील चार वाक्ये म्हणणारा माणूस बहुधा दुसऱ्या भाषेच्या दारावर टकटक करीत असतो. दार उघडायचे की नाही, हे मात्र आत असणाऱ्याच्या हाती असते.

धागा समाप्त. येतो आता.