सहाव्या वर्षी येणारी सहावी दाढ



जात्याची वरची तळी नीट बसली नाही तर काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पीठ भरड येतं आणि दगड एकाच बाजूनं झिजतो. तोंडातलं जातं मात्र आपण दुखेपर्यंत बघत नाही. ते कसं बसतं, हे रीतसर शिकवायला जगानंही उशीरच केला.

फक्त दातांचं शिक्षण देणारं पहिलं महाविद्यालय १८४० मध्ये अमेरिकेत, बाल्टिमोरला निघालं. पण हे शिक्षण बायकांसाठी नव्हतं. तिथल्याच लूसी हॉब्स या शिक्षिकेला ओहायोच्या दंत महाविद्यालयानं १८६१ मध्ये बाई म्हणून प्रवेश नाकारला. ती एका दंतवैद्याच्या हाताखाली शिकली आणि तिनं स्वतःचा दवाखाना चालवला. शेवटी त्याच महाविद्यालयानं तिला घेतलं. १८६६ मध्ये दंतवैद्यकाची पदवी मिळवणारी ती पहिली बाई ठरली. पुढे तिनं नवऱ्यालाही हे काम शिकवलं!

१८९० मध्ये डॉ. ग्रीन ब्लॅक यांनी माणसाच्या एकेका दाताचं बारीक वर्णन करणारं पुस्तक लिहिलं. कुठल्या दाढेला किती टोकं, खाच कुठे, मुळं किती, असं सगळं. वरच्या मोठ्या दाढेला बहुधा तीन मुळं असतात, खालचीला दोन. आपल्याकडे १९२० मध्ये डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कोलकात्यात दंत महाविद्यालय सुरू केलं. आजही पहिल्या वर्षाच्या मुली-मुलांना मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावतात. हाताला दात कळला, की मग तो तोंडात ओळखू येतो.

पण सुटा दात ओळखून भागत नाही. वरचे आणि खालचे दात जुळतात कसे? १८९९ मध्ये डॉ. एडवर्ड अँगल यांनी त्याची खूण सांगितली. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेचं गालाकडचं पुढचं टोक खालच्या दाढेच्या गालाकडच्या खाचेत बसायला हवं. खालची दाढ मागे राहिली किंवा पुढे सरकली, तर ठेवण बिघडली. ही खूण विद्यार्थी आजही शिकतात.

आता खरी गोष्ट. ही पहिली मोठी दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. ती दुधाच्या दाढांच्या मागे, गुपचूप येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही. म्हणून ती किडली, की आपण म्हणतो, “दुधाचीच आहे, पडेल आणि नवी येईल.” तिच्या जागी नवी येत नाही. ती गेली, की मागची दाढ पुढे कलते आणि सगळी ओळ हलते. तिच्या पुढची दुधाची दाढ अकाली काढावी लागली, तरी ही पुढे सरकते आणि नव्या दातांची जागा अडते. म्हणून दुधाची दाढही किडली तर दाखवून घ्या.

आज घरी सहा-सात वर्षांच्या लेकराला उजेडात बसवून आ करायला सांगा. पुढच्या दोन दातांच्या मधून एका बाजूला मागे मोजत जा. पहिले पाच दुधाचे, कदाचित पुढचा एखादा पडलेला असेल, त्याची जागाही मोजा. सहावी दाढ दिसली, तर ती आयुष्यभराची. ब्रश तिथपर्यंत पोचतो का, ते स्वतः बघा. काळा डाग दिसला, तर दुखायची वाट न बघता सरकारी दवाखान्यात दाखवा.

सहाव्या वर्षी, सहावी. एवढं ध्यानात ठेवा आणि शेजारणीलाही सांगा.