सरासरीचा पाऊस कुणाच्या शेतात पडतो?

आज बोलूया मराठवाड्याच्या पावसाबद्दल.

12 एप्रिल 2016. मिरजेहून निघालेली पाण्याची ट्रेन लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, साधारण 5 लाख लिटर पाणी. आख्ख्या शहरासाठी! आणि त्याच वर्षी सप्टेंबर संपता संपता असा पाऊस कोसळला, की कोरडंठाक पडलेलं मांजरा धरण भरलं. म्हणजे सहा महिन्यांत पाण्याची ट्रेनपण आणि पूरपण.

मराठवाड्यात वर्षाला सरासरी 700 ते 800 मिलिमीटर पाऊस पडतो. लंडनमध्ये याहून कमी पडतो! पण तिथे तो वर्षभर थोडाथोडा येतो. आपल्याकडे ढग सह्याद्रीवर बरंचसं रिकामे होतात, आणि उरलेला पाऊस चार महिन्यांतल्या मोजक्या दिवसांत पडतो. तोही दरवर्षी येईल याची खात्री नाही. 2014 आणि 2015, लागोपाठ दोन वर्षं मान्सून सरासरीपेक्षा सुमारे 40 टक्के कमी होता.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे सर्व्हरचा सरासरी वेग बघून कुणी निवांत झोपत नाही. सगळ्यात वाईट दिवशी काय होईल, ते आधी बघतात. पावसाचंही तसंच आहे.

ही गोष्ट महाराष्ट्र एकदा नीट शिकला होता. 1972 चा दुष्काळ. आधीचं वर्षही वाईट गेलेलं. लोकांनी अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली, सुकडीवर दिवस काढले, खडी फोडली, पाझर तलाव खोदले. मे 1973 मध्ये जवळजवळ 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यातूनच वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. 1977 मध्ये तिचा कायदा झाला, आणि 2005 मध्ये देशाने तसाच कायदा केला. त्यामागचा विचार साधा होता: दुष्काळ परत येणारच, तर तयारी कायमची हवी.

आता तुमची सॅलरी स्लिप उघडा. प्रोफेशनल टॅक्स, 200 रुपये दिसतोय? हा कर 1975 मध्ये रोजगार हमीच्या खर्चासाठीच सुरू झाला. म्हणजे बहात्तरचा दुष्काळ आजही आपल्या पगारात आहे.

पण पाण्याच्या बाबतीत आपण हा धडा विसरलो. जुनी माणसं म्हणतात, बहात्तरला धान्य नव्हतं, पण विहिरीला पाणी होतं. नंतर बोअर खोल खोल गेले, आणि ऊस वाढला. उसाला सुमारे 2000 मिलिमीटर पाणी लागतं, ज्वारीला त्याच्या पाव हिस्सा. चांगल्या वर्षाच्या भरवशावर ऊस लावायचा, आणि वाईट वर्षी टँकरची वाट बघायची!

मग पाऊस कमी होत चाललाय का? आकड्यांमध्ये सरळ उतरती रेषा दिसत नाही. दिसतो तो लहरीपणा. पुण्याच्या आयआयटीएममधले रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं, की 1950 ते 2015 दरम्यान मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. एका रात्रीत पडलेलं पाणी जमिनीत मुरत नाही, वाहून जातं. येताना मातीही नेतं.

म्हणून पुढच्या वेळी बातमीत 'यंदा सरासरीइतका पाऊस' ऐकलंत, तर विचारा: किती दिवसांत पडला? आणि घरात कुणी बहात्तर पाहिलेलं असेल, तर त्यांना आजच बोलतं करा. फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!