'विथ रिकर्सिव्ह'
एसक्यूएलच्या १९९९च्या मानकात आलेली रचना. त्याच कामाचे ओरॅकलमधले 'कनेक्ट बाय' त्याहून जुने. कर्मचाऱ्यांच्या तक्त्यात प्रत्येक ओळीत वरिष्ठाचा क्रमांक असतो, पण साहेबाखालची सगळी उतरंड काढायची तर किती पायऱ्या उतरायच्या हे आधी ठाऊक नसते. म्हणून क्वेरीचा पहिला भाग फक्त साहेबाची ओळ उचलतो. दुसरा नुकत्याच हाती आलेल्या ओळी मूळ तक्त्याशी जोडून त्यांच्या हाताखालची माणसे पुन्हा पुन्हा आणतो. नवी ओळ मिळेनाशी झाली की काम थांबते. चुकून साहेब आणि त्याच्या हाताखालचा कोणी एकमेकांचे वरिष्ठ नोंदले गेले, तर मात्र दोन्ही भाग 'युनियन ऑल'ने जोडलेली क्वेरी फिरतच राहते. नुसते 'युनियन' पुनरावृत्ती गाळते खरे, पण पातळीचा आकडा सोबत घेतला की तेही थांबत नाही. मायएसक्यूएल, वेगळे सांगितले नसेल तर, १००० फेऱ्यांनंतर चूक दाखवते.