नाडी नाही, श्वास बघा

रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी हैदराबादच्या मेडिकल स्कूलचे (स्थापना १८४६) प्रमुख होते. विद्यार्थ्यांना त्यांचा धडा एकच: क्लोरोफॉर्म देताना नाडी नाही, श्वास बघा. हे शिक्षण पुस्तकी नव्हतं, अफझलगंजच्या इस्पितळात भूल देता देता व्हायचं. रूपाबाई फर्दुनजी तिथल्याच. धडा तपासायला निजामाच्या खर्चाने १८८८ आणि १८८९ मध्ये प्राण्यांवर प्रयोग झाले. दुसऱ्या वेळी ‘लॅन्सेट’तर्फे लॉडर ब्रंटन आले. निकाल लॉरींच्या बाजूने: आधी श्वास थांबतो, मग हृदय.

माझ्यातला इंजिनियर इथे अडतो. शिकवणाऱ्याचीच परीक्षा, आणि घेणाऱ्यांत तोच! १९११ मध्ये लेव्हींनी मांजरांवर दाखवलं, हलक्या गुंगीतही हृदय एकदम बंद पडतं. श्वासावर नजर ठेवायला आजचे रेसिडेंटही शिकतात. पण सोबत नाडीवरही.